न्यू जर्सीत नोकरीतला छळ आणि नाकारलेले घर: एका कायद्याखालच्या दोन तक्रारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर एका आयटी सल्लागार कंपनीत नोकरी करतात. त्यांचे व्यवस्थापक स्वतः महाराष्ट्रातलेच आहेत. गेल्या दिवाळीपासून ते बाईंच्या कपड्यांवर आणि अंगकाठीवर शेरे मारत होते, रात्री उशिरा मेसेज पाठवत होते, आणि दोनदा चारचौघांत ‘तुम्हाला सगळं कोट्यातूनच मिळत आलंय’ असेही म्हणाले. शेवटचा प्रकार १० जूनचा आहे. २० जूनला बाईंनी एचआरला ईमेलने तक्रार केली आणि १५ जुलैला त्यांना क्लायंटच्या प्रोजेक्टवरून काढून बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवण्यात आले. पुढे एडिसनजवळ भाड्याचे घर शोधताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फक्त भारतीय, शाकाहारी, मूल नसलेले जोडपे’ अशी जाहिरात पाहून त्यांनी घरमालकाशी संपर्क साधला. घरमालक तळमजल्यावर राहतो, वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे आणि तळघरात एक विद्यार्थी भाड्याने राहतो. दोन वर्षांचा मुलगा आहे हे कळल्यावर २ सप्टेंबरला घरमालकाचा मेसेज आला: घर जुने आहे, रंगात शिसे आहे, लहान मूल नको. आता नोव्हेंबरचा मध्य आहे. दोन्ही गोष्टींची तक्रार एकाच कायद्याखाली करता येईल का, उशीर झाला आहे का, आणि तक्रार केल्यास व्हिसाचे काय होईल, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

उशिराच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण २२ वर्षे नोकरीतील आणि घरांतील भेदभावाची प्रकरणे हाताळताना मी पुराव्याअभावी जितकी प्रकरणे बुडालेली पाहिली, त्याहून अधिक तारखा उलटल्यामुळे बुडालेली पाहिली आहेत. न्यू जर्सीचा ‘लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन’ हा कायदा १९४५ सालचा आहे; आम्ही त्याला नुसते एलएडी म्हणतो. या कायद्याखाली दाद मागण्याचे दोन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या अखत्यारीतील ‘डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स’ या विभागाचा, आणि तिथे घटनेपासून १८० दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. दुसरा दरवाजा राज्याच्या सुपीरियर कोर्टाचा, आणि तिथे दोन वर्षांची मुदत आहे. कोर्टात जाण्यापूर्वी विभागाकडे तक्रार केलीच पाहिजे असे बंधन या राज्यात नाही. १० जूनपासून मोजले तर १८० दिवस ७ डिसेंबरला पुरे होतात, १५ जुलैपासून मोजले तर ११ जानेवारीला, आणि घरमालकाच्या मेसेजपासून मोजले तर १ मार्चला. म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. पण ‘दिवाळी-नाताळच्या गडबडीनंतर बघू’ असे म्हणण्याइतका वेळही उरलेला नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो पुष्कळांना गोत्यात आणतो. शेरे आणि मेसेज ही छळाची मालिका असेल, तर न्यायालये तिच्याकडे एकच सलग घटना म्हणून पाहतात. शेवटची घटना मुदतीत बसली तर आधीच्या घटनाही सोबत येतात. प्रोजेक्टवरून काढणे, बढती नाकारणे, नोकरीवरून कमी करणे या मात्र सुट्या, स्वतंत्र कृती धरल्या जातात आणि प्रत्येकीचे घड्याळ त्या त्या दिवशी वेगळे सुरू होते. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आहे. त्यामुळे ‘छळ चालूच आहे, मुदत चालूच राहील’ या समजुतीवर बेंचवर बसवण्याची तारीख निसटू देऊ नका.

आपल्याकडून आलेल्या लोकांचा आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. भारतातील २०१३ च्या कायद्यामुळे कार्यालयातील अंतर्गत समितीकडे तक्रार करणे म्हणजेच कायदेशीर तक्रार, अशी सवय आपल्या मनाला लागलेली असते. न्यू जर्सीत तशी वैधानिक समिती नाही. एचआर हा कंपनीचाच विभाग आहे. त्याच्याकडे केलेली तक्रार आवश्यक आहे, पुढे ती फार उपयोगी पडते, पण तिने १८० दिवसांचे किंवा दोन वर्षांचे घड्याळ थांबत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या, त्यांच्या कंपनीची ‘अंतर्गत चौकशी’ चौदा महिने चालली होती आणि दर महिन्याला त्यांना ‘लवकरच कळवू’ असे गोड ईमेल येत होते. त्या आल्या तेव्हा दोन वर्षे उलटून अकरा दिवस झाले होते.

आता छळाच्या मुद्द्याकडे येऊ. या विषयावरचा पायाभूत निकाल १९९३ चा आहे. टॉईज आर अस या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीविरुद्ध एका कर्मचारी महिलेने लढलेल्या या खटल्याला वकील मंडळी लेहमन निकाल म्हणतात. त्यात न्यायालयाने कसोटी घालून दिली: ती वागणूक संबंधित व्यक्ती स्त्री नसती तर झाली नसती, आणि ती इतकी गंभीर किंवा इतकी वारंवार होती की त्या जागी असलेल्या कोणत्याही समंजस स्त्रीला कामाच्या अटी बदलल्या आहेत आणि वातावरण वैरभावाचे झाले आहे असे वाटावे. यातल्या ‘किंवा’ या शब्दाकडे लक्ष द्या. गंभीरही हवे आणि वारंवारही हवे, अशी अट नाही. १९९८ च्या एका निकालात बर्लिंग्टन काउंटीच्या शेरीफने एका कृष्णवर्णीय महिला अधिकाऱ्याला उद्देशून उच्चारलेला एकच वांशिक अपशब्द ज्यूरीपुढे जाण्यास पुरेसा मानला गेला, कारण तो उच्चारणारा सर्वांत वरचा अधिकारी होता आणि तक्रार करायला त्याच्या वर कोणी उरलेले नव्हते. २०२१ मध्ये एका औषध कंपनीच्या प्रकरणात पर्यवेक्षकाने केलेल्या दोन वांशिक शेऱ्यांबाबतही न्यायालयाने तीच दिशा धरली. बोलणारा साहेब असेल तर शब्दाचे वजन वाढते, हे या निकालांचे सार आहे आणि ते तुमच्या बाजूचे आहे.

‘मी गंमत केली’ किंवा ‘आपण एकाच गावचे, मोकळेपणाने बोललो’ हा बचाव तुमचे व्यवस्थापक बहुधा घेतील. लेहमन निकालाने बोलणाऱ्याच्या हेतूला फारसे महत्त्व दिलेले नाही. कायद्याला भेदभाव नाहीसा करायचा आहे, मग तो जाणूनबुजून केलेला असो वा नसो. बोलणारा त्याच राज्यातला, त्याच भाषेचा असणे हाही बचाव नाही. उलट मराठीत केलेल्या शेऱ्यांची एक वेगळी अडचण असते: चौकशी करणाऱ्याला त्यातला झोंबणारा अर्थ कळत नाही. म्हणून प्रत्येक मेसेज मूळ मराठीत जसाच्या तसा ठेवा, त्याखाली शब्दशः इंग्रजी अर्थ लिहा, आणि त्या वाक्यातला टोमणा आपल्या समाजात कसा घेतला जातो हे एका ओळीत स्वतंत्रपणे नोंदवा. अनुवादात टोमणा मिसळून ‘चढवलेले’ इंग्रजी दिले, तर समोरचा वकील पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवतो.

कोट्याच्या शेऱ्याबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी त्यावर थोडे अधिक लिहिणे मला भाग वाटते. एलएडीच्या संरक्षित निकषांत वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, वंशपरंपरा, लिंग, गर्भारपण, वैवाहिक स्थिती, वय, अपंगत्व, लैंगिक कल, लिंगओळख असे बरेच काही आहे. ‘जात’ हा शब्द त्यात नाही. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या नियमांत जातीचा नावानिशी समावेश केला. कॅलिफोर्नियात तशाच आशयाचे विधेयक विधिमंडळाने संमत केले होते, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवले आणि कारण असे दिले की वंशपरंपरा वगैरे निकषांखाली असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे. त्या कारणाशी तुम्ही सहमत असा वा नसा, न्यू जर्सीत जातीचा मुद्दा मांडायचा झाला तर आज त्याला वंशपरंपरा आणि राष्ट्रीय मूळ या निकषांच्या आधारानेच उभे करावे लागते. माझा सल्ला असा आहे की कोट्याचे दोन्ही शेरे तारखेसह तक्रारीत घाला, त्यांना ‘वंशपरंपरा’ या निकषाखाली स्वतंत्र परिच्छेद द्या, परंतु संपूर्ण तक्रार त्यांच्यावर उभी करू नका. लैंगिक छळाचा पाया पक्का आहे. त्यावर इमारत उभी राहते. जातीच्या मुद्द्यावर उद्या न्यायालयाने काहीही म्हटले तरी तुमचे मूळ प्रकरण डळमळीत होता कामा नये. अनेक तरुण वकिलांना, आणि खरे सांगायचे तर चळवळीतल्या मित्रांनाही, हा सल्ला भित्रेपणाचा वाटतो. पण पक्षकाराची नोकरी पणाला लागलेली असताना प्रकरणातून नवा कायदा घडवण्याची हौस वकिलाने आपल्यापुरती ठेवावी, असे माझे मत आहे.

तुमच्या हकिकतीतला माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम भाग छळाचा नव्हे, त्यानंतरच्या सूडाचा आहे. एलएडी हा कायदा, भेदभावाला विरोध करणाऱ्या व्यक्तीवर केलेली प्रतिकूल कारवाई हा स्वतंत्र गुन्हेसदृश दोष मानतो. यासाठी मूळ छळ सिद्ध झालाच पाहिजे असेही नाही. तक्रार प्रामाणिकपणे आणि वाजवी समजुतीने केलेली असणे पुरते. २० जूनला लेखी तक्रार आणि १५ जुलैला प्रोजेक्टवरून काढणे, म्हणजे मध्ये २५ दिवस. केवळ तारखांच्या जवळिकीवर प्रकरण जिंकता येत नाही, परंतु त्या काळात क्लायंटने तुमच्या कामाची प्रशंसा केलेली असेल, त्या जागी लगेच दुसऱ्या कोणाला घेतले असेल, किंवा बेंचचे कारण दर वेळी वेगळे सांगितले गेले असेल, तर चित्र पालटते. कारण बदलत जाणे हे ज्यूरीला फार लवकर कळते.

कंपनीचा बचाव काय असेल तेही पाहून ठेवा. २०१५ च्या निकालानुसार कंपनीकडे छळविरोधी धोरण असेल, ते कागदावर न राहता खरोखर राबवले जात असेल, आणि कर्मचाऱ्याने ते न वापरता गप्प बसणे पसंत केले असेल, तर कंपनीला काही प्रमाणात सुटका मिळू शकते. तुम्ही एचआरला लिहिलेत, त्यामुळे हा बचाव बराच पोकळ झाला आहे. शिवाय कर्मचाऱ्याविरुद्ध ठोस कारवाई झालेली असेल तर तो बचाव मिळतच नाही, आणि प्रोजेक्टवरून काढणे ही तशी कारवाई आहे की नाही यावर दोन्ही बाजूंचा खरा वाद होईल. म्हणून बेंचवर गेल्यामुळे पगार, बोनस, ग्रीन कार्डची प्रक्रिया यांपैकी नेमके काय बदलले ते आकड्यांसह लिहून काढा. एच-वन-बी कर्मचाऱ्याला काम नसल्याच्या काळातही ठरलेला पगार देणे केंद्रीय नियमानुसार कंपनीवर बंधनकारक आहे. तो कापला असेल तर ती केंद्रीय श्रम खात्याकडची वेगळी तक्रार होते आणि तिचा इथल्या प्रकरणालाही हातभार लागतो.

व्हिसाबद्दल. एलएडीचे संरक्षण नागरिकांपुरते किंवा ग्रीन कार्डधारकांपुरते मर्यादित नाही, आणि भेदभावाची तक्रार केल्याने एच-वन-बी दर्जाला बाधा येत नाही. तो दर्जा नोकरीवर अवलंबून असतो, आणि खरी भीती तीच आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करावा लागतो. म्हणून रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. ‘असह्य परिस्थितीमुळे नोकरी सोडावी लागली’ हा दावा न्यू जर्सीत करता येतो, पण त्याची कसोटी साध्या छळापेक्षाही कडक आहे. दुसरीकडे नोकरी शोधणे आजच सुरू करा; दुसरी नोकरी मिळाल्याने आधीचा दावा मरत नाही.

कंपनीने समझोत्याचे कागद पुढे केले तर त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या ओळखा. ‘झाल्या प्रकाराबद्दल कोणाशी बोलणार नाही’ हे गुप्ततेचे कलम न्यू जर्सीत २०१९ च्या दुरुस्तीमुळे कर्मचाऱ्यावर बंधनकारक ठरत नाही, आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेपच्यून टाउनशिपच्या पोलीस अधिकारी महिलेच्या प्रकरणात ‘कंपनीची निंदा करणार नाही’ अशा कलमाआडून तीच मुस्कटदाबी करता येणार नाही असे सांगितले. पण ‘मी माझे सर्व दावे सोडत आहे’ हे कलम वेगळे आहे. ते वैध असते आणि सही केली की प्रकरण संपते. लोक पहिल्या कलमाला घाबरतात आणि दुसऱ्याकडे पाहत नाहीत. नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये लवादाची सक्ती असेल तरी खचू नका: ३ मार्च २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार लैंगिक छळाच्या वादात ती सक्ती कर्मचाऱ्याच्या इच्छेविरुद्ध लादता येत नाही. दावा करण्याची दोन वर्षांची मुदत करारातून सहा महिन्यांवर आणण्याची युक्तीही एका फर्निचर कंपनीच्या प्रकरणात २०१६ मध्ये न्यायालयाने उधळून लावली आहे.

पुराव्याबाबत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न रेकॉर्डिंगचा असतो. न्यू जर्सीत, संभाषणात स्वतः सहभागी असलेल्या व्यक्तीने ते रेकॉर्ड करणे हा गुन्हा नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र सर्वांची संमती लागते. न्यू जर्सीत राहून फिलाडेल्फियाच्या ऑफिसात जाणाऱ्या आपल्या लोकांनी हा नदीपलीकडचा फरक विसरू नये, आणि समोरचा माणूस फोनवर पेनसिल्व्हेनियातून बोलत असेल तर रेकॉर्डिंग न केलेलेच बरे. कंपनीचे कागद उचलण्याबद्दल मी अधिक सावध आहे. २०१० च्या एका गाजलेल्या प्रकरणात एका महिला कर्मचाऱ्याने १,८०० हून अधिक पाने परस्पर कॉपी केली होती, आणि न्यायालयाने सात मुद्द्यांची कसोटी लावून त्याचा विचार केला. कागद कसा मिळाला, कोणाला दाखवला, त्यात कंपनीची गोपनीय माहिती होती का, असे ते मुद्दे आहेत. तुम्हाला आलेले मेसेज आणि तुम्ही पाठवलेले ईमेल यांच्या प्रती ठेवणे ठीक आहे. क्लायंटचा कोड, इतरांचे पगार, दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद यांना हात लावू नका. कंपनीला नोकरीवरून काढायला आयते कारण मिळते. स्वतःची नोंदवही मात्र आजपासून ठेवा, मराठीत ठेवली तरी चालेल, फक्त प्रत्येक नोंदीवर तारीख असू द्या.

आता घराकडे वळतो. इथे तुमची बाजू नैतिकदृष्ट्या स्पष्ट असली तरी कायद्यात एक खाच आहे. एलएडी घर भाड्याने देताना ‘कौटुंबिक स्थिती’वरून, म्हणजे १८ वर्षांखालील मूल आहे किंवा भाडेकरू गर्भवती आहे म्हणून, नकार देण्यास मनाई करतो. जुन्या रंगातल्या शिशाचे कारण हा फार जुना बहाणा आहे. शिसे असेल तर ते काढण्याची जबाबदारी मालकाची, मुलाला दूर ठेवण्याची नव्हे. पण याच कायद्यात सूट आहे: दोन कुटुंबांच्या घरात एका भागात मालक स्वतः राहत असेल तर दुसरा भाग भाड्याने देताना एलएडीच्या घरविषयक तरतुदी लागू होत नाहीत. केंद्राच्या १९६८ च्या फेअर हाऊसिंग अ‍ॅक्टमध्ये, ज्यात १९८८ मध्ये कौटुंबिक स्थितीची भर पडली, तशीच सूट मालक राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला आहे. म्हणजे घरमालक ‘माझे दोन कुटुंबांचे घर आहे’ असे म्हणून हात झटकू शकतो.

तरीही प्रकरण सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण तुम्ही सहज लिहून गेलात ती दोन वाक्ये महत्त्वाची आहेत. पहिले वाक्य तळघरातल्या विद्यार्थ्याचे. तळघरात स्वतंत्र स्वयंपाकघर आणि दार असेल तर ती तिसरी राहती जागा झाली, आणि घर प्रत्यक्षात दोन कुटुंबांचे राहिले नाही असा युक्तिवाद करता येतो. एडिसन आणि आसपासच्या भागात तळघरे अशी परवान्याविना भाड्याने देणे किती चालते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. दुसरे वाक्य जाहिरातीचे. केंद्रीय कायद्याची चार घरांची सूट नकाराला लागू होते, जाहिरातीला नाही. ‘फक्त भारतीय’ हे राष्ट्रीय मूळावरून आणि ‘मूल नसलेले’ हे कौटुंबिक स्थितीवरून पसंती दर्शवणारे निवेदन आहे, आणि तसे निवेदन प्रसिद्ध करणे सूट असलेल्या मालकालाही वर्ज्य आहे, मग ते वर्तमानपत्रात असो वा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात. ‘शाकाहारी’ हा मात्र कायद्यातला निकष नाही. तो धर्माचा किंवा वंशाचा आडपडदा आहे असे दाखवता आले तर गोष्ट वेगळी, एरवी त्या एका शब्दावर तक्रार टिकणार नाही. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, गटाचे नाव आणि तारीख दिसेल असा, आजच घ्या. पोस्ट पुसली जाते.

या जाहिरातींबद्दल थोडे विषयांतर. भारतात खाजगी घरमालकाला जात, धर्म, आहार पाहून भाडेकरू निवडण्यापासून रोखणारा असा व्यापक कायदा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व एका समाजापुरते राखण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या प्रकरणात, मान्यता दिली होती. मुंबईत मांस-मासे खाणाऱ्यांना घर नाकारले जाते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. तीच सवय घेऊन माणूस इथे येतो, घर घेतो, आणि वरचा मजला भाड्याने देताना ‘आपलाच माणूस हवा’ असे निरागसपणे लिहितो. माझ्या कचेरीत आलेल्या घरांच्या प्रकरणांत प्रतिवादी म्हणून मराठी घरमालकही आले आहेत, आणि आपण भेदभाव केला असे त्यांतल्या एकालाही मनापासून वाटत नव्हते. भाडेकरूंच्या बाजूने आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक नसते: इथे भाडे कशातून देणार यावरूनही नकार देता येत नाही. सेक्शन ८ च्या, म्हणजे घरभाड्याला मदत करणाऱ्या, सरकारी व्हाउचरवर राहणाऱ्यांना नाकारता येणार नाही हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले, आणि २००२ मध्ये उत्पन्नाचा कायदेशीर स्रोत हा निकष एलएडीतच घालण्यात आला. घरमालकाने भाडेकरू स्त्रीचा लैंगिक छळ करणे हेही याच कायद्याच्या कक्षेत येते. एलिझाबेथ शहरातील एका घरमालकाविरुद्ध अशाच आरोपांवरून केंद्राच्या न्याय खात्याने २०२१ मध्ये ४५ लाख डॉलरचा समझोता मिळवला होता.

आता कोणता दरवाजा निवडायचा. कायदा एकच असला तरी प्रतिवादी वेगळे असल्याने तक्रारी दोन होतील, आणि माझ्या मते त्यांचे मार्गही वेगळे असावेत. नोकरीच्या प्रकरणासाठी नोकरी-कायद्याचा वकील गाठा आणि सुपीरियर कोर्टाची तयारी ठेवा. तिथे ज्यूरी मिळते, नुकसानभरपाईला केंद्रीय कायद्याप्रमाणे ३ लाख डॉलरची कमाल मर्यादा नाही, आणि जिंकल्यास वकिलाची फी प्रतिवादीकडून मिळते, त्यामुळे चांगल्या प्रकरणात अनेक वकील आगाऊ फी मागत नाहीत. मानसिक त्रासासाठी तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष लागतेच असे नाही; २०१६ मध्ये दोन भावांच्या वांशिक छळाच्या प्रकरणात अशा साक्षीविना दिलेली १४ लाख डॉलरची मानसिक त्रासाची भरपाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या केंद्राच्या ईईओसी या आयोगाकडे जायचे असेल तर तिथे ३०० दिवस आहेत, पण कंपनीत किमान १५ कर्मचारी हवेत. एलएडीला तशी अट नाही, आणि १ जुलै २०२४ पासून घरकाम करणारेही त्याच्या संरक्षणात आले आहेत. तुमच्या बाबतीत सल्लागार कंपनी आणि क्लायंट या दोघांचाही तुमच्या कामावर ताबा असेल, तर दोघांचाही विचार वकिलाकडून करून घ्या. व्यवस्थापकावर व्यक्तिशः दावा होऊ शकतो, पण वाट अरुंद आहे: त्याने भेदभावाला मदत किंवा चिथावणी दिली असे दाखवावे लागते.

घराच्या तक्रारीसाठी मात्र विभागाचा दरवाजा योग्य आहे. तिथे फी नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. तक्रार नोंदल्यावर विभाग मालकाला उत्तर मागतो, मध्यस्थी सुचवतो, चौकशी करतो आणि तथ्य आढळले तर प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाऊ शकते. उल्लंघन सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी १०,००० डॉलरपर्यंत दंड राज्याला जातो. तुमची भरपाई त्याहून वेगळी. केंद्राच्या एचयूडी या गृहनिर्माण खात्याकडे जाहिरातीबाबत तक्रार करायला एक वर्ष आहे, आणि सूट असलेल्या घराच्या बाबतीत तोच दरवाजा अधिक खात्रीचा. एक सावधगिरी: विभागाकडे गेल्यावर त्याच मुद्द्यावर कोर्टातही समांतर जाता येत नाही. अंतिम निर्णयापूर्वी तक्रार मागे घेऊन कोर्टात जाता येते, निर्णयानंतर नाही. उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी या संस्थेकडे विचारणा करा. तिचे मुख्य कार्यालय एडिसनमध्येच आहे.

तळघराचा मुद्दा तपासायला तुम्हाला वकील लागणार नाही. मालमत्ता कराची नोंद सार्वजनिक असते आणि ती काउंटीच्या संकेतस्थळावर पत्त्यावरून सापडते. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात त्या घराला किती राहत्या जागांचा परवाना आहे हे विचारता येते. आणि तीन किंवा अधिक घरांची इमारत असेल तर तिची राज्याच्या गृहनिरीक्षण कार्यालयात नोंदणी असावी लागते. कागदावर दोन आणि प्रत्यक्षात तीन असे आढळले, तर तळघराचे वेगळे दार आणि वेगळी टपालपेटी रस्त्यावरून दिसतील असे फोटो काढा, विद्यार्थ्याला त्यात ओढू नका, आणि ते कागद १ मार्चच्या आत तक्रारीला जोडा. नोकरीच्या प्रकरणातील ७ डिसेंबर मात्र त्याआधी येतो, म्हणून वकिलाची वेळ या आठवड्यातच घ्या.